जुन्या मापाचा पाय

माझा धाकटा भाऊ काय काम करतो असं कोणी विचारलं की मी सांगते, दुभाष्याचं. मग समोरचा विचारतो, कोणकोणत्या भाषा येतात त्याला? मी म्हणते, माणसांची एक धड येत नाही, पण पंपांची, खुर्च्यांची आणि गिअरबॉक्सची येते.

गंमत सोडा, काम खरंच तसलं आहे. एक कारखाना आपल्या वस्तूचं त्रिमितीय मॉडेल एका सॉफ्टवेअरमध्ये बनवतो. दुसऱ्या कारखान्यात भलतंच सॉफ्टवेअर असतं आणि ह्याची फाईल त्याच्याकडे उघडत नाही. उघडलीच तर अर्धीमुर्धी. पंपाचं झाकण येतं पण त्याची भोकं येत नाहीत, दोन कडा जिथे टेकायला हव्यात तिथे केसभर फट राहते. ह्या दोघांच्या मध्ये माझा भाऊ बसतो. फाईल ह्या रूपातून त्या रूपात न्यायची, वाटेत काय सांडलं ते शोधायचं आणि परत भरायचं. शेवटी मूळ मॉडेल आणि नवं मॉडेल पडद्यावर एकमेकांवर ठेवून बघायचं. जिथे दोन्ही जुळतात तिथे हिरवा रंग दिसतो, नवं बाहेर आलं असेल तिथे लाल, आत गेलं असेल तिथे निळा. सगळं हिरवं झाल्याशिवाय तो फाईल पुढे पाठवत नाही.

त्यांच्या ऑफिसचा धर्म एकच, मूळ फाईल खरी. जुळलं नाही तर चूक आपल्या हातून झाली, मुळाची नाही. मुळाला बोट लावायचं नाही आणि त्याच्यावर शंका घ्यायची नाही. माझा भाऊ तर ह्या बाबतीत राजापेक्षा राजनिष्ठ. लहानपणी केकचा तुकडासुद्धा पट्टी लावून कापायचा, तेव्हापासून मी त्याला मापाड्या म्हणते.

माझा धंदा बरोबर उलटा. घराच्या खालच्या खोलीत माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. लोक कोट घेऊन येतात आणि शपथेवर सांगतात की तो कपाटात आटला. माप कालचं असतं आणि माणूस आजचा, एवढंच मला ह्या धंद्यानं शिकवलं. कोणी भराभर बारीक होत असेल तर मी काम घेत नाही. सांगते, "वजन एकदा थांबू द्या, मग या. उगीच दोनदा शिलाई कशाला?"

आई अंथरुणाला खिळली तेव्हा मापाड्या एका मोठ्या कंपनीत डिझाइनर होता. मी म्हटलं, मी बघते आईचं, माझं दुकान खालीच आहे. तो म्हणाला, "एका पायावर तू तिला उचलणार?" आणि राजीनामा देऊन मोकळा झाला. माझा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. कॉलेजात असताना अपघातात गेला, त्याचं मला आता काही वाटत नाही. पण बोलणं खरं होतं, आईला उचलायला दोन पाय लागायचे. त्यानं तिला उचललं, भरवलं, कुशीवर वळवलं, वर्षानुवर्षं केलं. ती गेली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसला तो कितीतरी महिने तसाच. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की झोपायचा. मला भीती वाटायची की दोघांनाही मी एकदमच घालवलं.

मग कोणाच्या तरी ओळखीनं हे फायलींचं काम मिळालं आणि माणूस हळूहळू परत आला. परत आल्याची खूण म्हणजे शीळ. दाढी करताना तो शीळ घालतो, आणि इतकी बेसूर की गल्लीतलं कुत्रं उठून जावं. मी ओरडायची, बंद कर ते! मनात मात्र म्हणायची, घाल बाबा, घाल.

त्यानंतर एका थंडीच्या शेवटी माझं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, त्याला न सांगता. गाठ पोटातून यकृतापर्यंत पोचली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशनचा उपयोग नाही, गोळ्यांनी थोडं पुढे ढकलता येईल. पुढे म्हणजे किती, असं विचारलं तर म्हणाल्या, पुढचा हिवाळा धरून चालू नका. मी तिथेच त्यांच्या टेबलाशी रडले. बाहेर येऊन बाकावर बसून आणखी रडले. मग तोंड धुऊन घरी आले आणि एका बाईच्या पडद्यांना दोरी घातली.

त्याला सांगायचं नाही असं मी ठरवलं. कधीच नाही असं नव्हे, पण इतक्यात नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी राजीनामा, तिसऱ्या दिवशी वरच्या खोलीत तीच आईची खाट, आणि मी गेल्यावर तीच भिंत. ह्या वेळी त्याला भिंतीपासून उठवायला घरात कोणी नसणार होतं. मला त्याची शीळ हवी होती, जितके महिने मिळतील तितके.

बारीक तर होतच होते. पण शिंपिणीचं बारीक होणं कोणाला दिसत नाही. कपडा सैल लोंबायला लागला की माणूस वाळलेला दिसतो, कपडा बेताचा बसला की लोक म्हणतात तब्येत छान आहे. मी दर थोड्या दिवसांनी माझे सगळे ड्रेस आत घेत होते. गळ्यात रुमाल बांधायची, गालांना थोडा रंग लावायची. गोळ्या बटणांच्या डब्यात ठेवल्या होत्या, कारण त्या डब्याला हात लावला की मी चावते हे त्याला माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझी त्याहून महागाची होती.

आत घेता येत नव्हती अशी एकच गोष्ट होती, माझा पाय. आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याचं सॉकेट तडकलं. सॉकेट म्हणजे कृत्रिम पायाचा वरचा भाग, उरलेला पाय ज्यात बसतो ती कडक वाटी. ती तडकली की पाय गेलाच. आम्ही पाय बनवणाऱ्यांकडे गेलो. आधीचे म्हातारे पायवाले निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी एक तरणे पायवाले होते. त्यांनी हातात स्कॅनर घेतला आणि म्हणाले, "बसा, नवं माप घेऊ या."

मापाड्या शेजारीच उभा होता. नव्या मापाचे आकडे जुन्याशेजारी आले असते तर त्याला दुसरं काही सांगायची गरजच उरली नसती.

"नवं कशाला?" मी म्हटलं. "जुना पाय इतका सुरेख बसत होता. ती फाईल असेल ना तुमच्याकडे?"

"आहे, पण ती जुन्या सॉफ्टवेअरची आहे. बनवणारी कंपनीच बंद पडली. आमच्याकडे उघडत नाही."

मी मापाड्याकडे वळले. "ऐकलंस? उघडत नाही म्हणे. तुझ्या हातचा मळ आहे हा."

त्याचा चेहरा असा उजळला की मला माझीच लाज वाटली. फाईल घेऊन तो घरी आला तो शीळ घालतच.

पुढचे काही दिवस जेवताना माझ्या पायाशिवाय विषय नव्हता. मधल्या सुट्टीत बसून तो काम करायचा. म्हाताऱ्या पायवाल्यांनी उरलेल्या पायाचा स्कॅन घेऊन त्याच्यावर हात फिरवला होता. हाड टोचतं तिथे उंचवटे वाढवले होते, मांस भार सोसतं तिथे दाबलं होतं. नव्या प्रोग्रॅमला ते सगळे दोष वाटले.

"त्यानं तुझ्या पायाला इस्त्री केली, ताई!" तो घास हातात धरून म्हणाला. "दुरुस्ती म्हणून सगळे उंचसखल भाग सपाट. मी एकेक परत आणला. हे आपोआप दुरुस्त करणारे प्रोग्रॅम म्हणजे ना, आजारापेक्षा औषध भयंकर."

"गिळ आधी," मी म्हटलं.

काम संपल्यावर त्यानं मला पडद्यावर दाखवलं. माझा गुडघा आणि खालचा तो आखूड तुकडा गोल गोल फिरत होता, सगळीकडून हिरवा. "एक ठिपका लाल नाही," तो म्हणाला. मी बघत राहिले. किती भरलेला पाय होता तो. मला माझाच हेवा वाटला, आणि त्याच्यासमोर डोळे पुसता येईनात म्हणून मी सुई हरवल्याचं नाटक करून खाली वाकले.

नवा पाय तयार झाला. उरलेल्या पायावर आम्ही लोकरीचा मोजा चढवतो आणि मग सॉकेटमध्ये घालतो. आधी मला एक पुरायचा. त्या दिवशी मी घरूनच एकावर एक चढवून गेले. मापाड्या गाडी लावायला गेला तेवढ्यात पायवाल्यांनी मोज्यांना हात लावून बघितला.

"वजन उतरलंय?"

"बायकांना वजन विचारू नये."

"मी पाय विचारतोय, बाई."

मग मी सांगितलं. ते बराच वेळ हातातला पाना पुसत राहिले. "मोज्यांवर काही दिवस निभेल," म्हणाले. "पुढे नाही निभणार. आणि भावाला मी काही बोलणार नाही, पण तुम्ही बोला." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं?

काही दिवस खरंच निभलं. मग मोजे वाढत गेले, पाय घटत गेला, आणि लोकर भरून भरणार तरी किती? चालताना पाय आत खाली जाऊन आदळायला लागला. टक असा आवाज यायचा. मी शिलाई मशीन चालू असतानाच खोलीत फिरायची, आवाज लपावा म्हणून. पण मापाड्याचा कान. एक दिवस तो दाढी करताना मधेच थांबला आणि साबण लावलेल्या तोंडानं बाहेर आला.

"तो आवाज कसला?"

"चपलेचा."

तो उरलेली दाढी करायला आत गेला. पण त्या आठवड्यात मी दुकानाच्या उंबऱ्यावर पडले, गिऱ्हाइकाचा कोट हातात घेऊन. कोटाला काही झालं नाही, माझी हनुवटी फुटली. मापाड्या ऑफिसमधून धावत आला. मी म्हटलं, माझंच लक्ष नव्हतं. त्यानं पाय हातात घेतला, सॉकेटच्या आत बोटं घातली, आणि त्याचा चेहरा उतरला.

"सैल आहे. हा सैल आहे, ताई. फाईल बदलताना, कन्व्हर्जनमध्ये, माझ्याकडून काहीतरी गेलंय."

"काही गेलेलं नाही. सगळं हिरवं होतं ना?"

"मग किती फरकापर्यंत हिरवं दाखवायचं, ती मर्यादाच मी चुकीची धरली असणार."

तिथून त्याचं शोधणं सुरू झालं. फाईल पहिल्यापासून परत केली. एककं तपासली, म्हणजे कुठे इंच-मिलिमीटरचा घोळ नाही ना. मॉडेल ज्या बारीक त्रिकोणांच्या जाळीचं बनतं ते त्रिकोण तपासले. पायाचा साचा कोरणाऱ्या यंत्राकडे गेलेली फाईल मागवून तीही मुळाशी लावून बघितली. दर वेळी हिरवं. दर वेळी तो जास्त खचायचा, कारण चूक सापडली असती तर ती दुरुस्त करता आली असती. त्याच्या साहेबांनी पाहिलं, शेजारच्या टेबलावरच्या बाईनं पाहिलं. सगळे म्हणाले, कन्व्हर्जन चोख आहे. त्याला पटेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि तो कळसा मी, रोज त्याच्यासमोर बसून जेवत होते.

शीळ बंद झाली. ऑफिसात तो आता प्रत्येक फाईल चारचारदा तपासायला लागला, कामं तुंबली. एकदा म्हणाला, "माझ्याच्यानं हे काम होणार नाही बहुतेक. ज्याला आपल्या बहिणीचा पाय नीट उतरवता येत नाही, त्यानं विमानाचे भाग कसे उतरवायचे?"

"विमानं आपली ती बघतील," मी म्हटलं.

"थट्टा नको, ताई. मी तुला पाडलं."

त्यानं ताट बाजूला सारलं आणि भिंतीकडे बघत बसला. तेच बसणं. खांदे तसेच, हात मांडीवर तसेच उताणे. ज्या भिंतीपासून त्याला लांब ठेवायला मी एवढा खटाटोप केला, तिच्याचसमोर मी त्याला स्वतःच्या हातानं आणून बसवलं होतं, आणि ह्या वेळी मी जिवंत असताना. मला स्वतःचा असा राग आला की हातातला पेला मी मोरीत आपटला. तो फुटला.

सांगायला मी तोंड उघडलं. पण शब्द येईनात. गाठ, यकृत, हिवाळा, ह्यातला एकही शब्द माझ्याच्यानं बोलवेना. म्हणून मी त्याच्या भाषेत बोलले.

"मापाड्या, उद्या सुट्टी आहे. आज संध्याकाळी येताना तुमच्या ऑफिसातला तो हातात धरायचा स्कॅनर घेऊन ये. माझा पाय मोज."

"तुझा पाय कशाला? मूळ फाईल आहे की."

"ती मूळ नाही. मूळ मी आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. समजलं नव्हतं, पण मी हट्टाला पेटले की तो वाद घालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगलं ऊन होतं. मी कपडे बेतायच्या टेबलावर बसले आणि सगळे मोजे उतरवले. त्याच्यासमोर कितीतरी दिवसांत उतरवले नव्हते. त्यानं पायाकडे बघितलं असतं तर तिथेच संपलं असतं. पण जित्याची खोड, त्याचे डोळे पडद्यावर. स्कॅनर माझ्या गुडघ्याभोवती फिरवत होता आणि पडद्यावर तो आकार तयार होताना बघत होता. "हलू नकोस," एवढंच म्हणाला.

मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून त्यानं जुना स्कॅन उघडला, नवा त्याच्यावर ठेवला, गुडघ्याच्या वाटीला गुडघ्याची वाटी जुळवली. रंग यायला क्षणभर लागतो. आले. गुडघ्याच्या हाडावर थोडं हिरवं, बाकी सगळं निळं. खाली तर इतकं गडद की काळंच वाटावं.

"म्हणजे कन्व्हर्जन बरोबर होतं!" तो ओरडला. खुर्चीतून उठलाच. "ताई, फाईल बरोबर होती! माझ्याकडून काही गेलं नव्हतं, हे बघ, हे बघ ना, पायच..."

तो हसत होता. इतक्या दिवसांनी हसत होता, आणि मी ते हसू पुरेपूर बघून घेतलं, कारण ते किती टिकणार हे मला माहीत होतं. "पायच" ह्या शब्दावर ते अडलं. तो परत पडद्याकडे वळला. मग पहिल्यांदा, पडदा सोडून, त्यानं माझ्या पायाकडे पाहिलं. मग माझ्याकडे, वरपासून खालपर्यंत.

"पण तुझे कपडे तर..."

तो जवळ आला. माझ्या ड्रेसची कमरेजवळची शिवण त्यानं चिमटीत धरली आणि कडेनं उलटी केली. आत कापडाचा जाड पट्टा दुमडलेला होता आणि त्याच्यावर शिलाईच्या ओळी, एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी. मापाचा माणूस तो, त्याला वाचता आल्या. त्यानं शिवण परत नीट केली, वरून हात फिरवला.

"कधीपासून?"

आता बोलता आलं. थंडीपासूनचं सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं, बटणांचा डबा दाखवला. तो डबा मांडीवर घेऊन बसला आणि गोळ्यांची पाकिटं बटणांमधून वेगळी काढत राहिला.

"मी इतके दिवस फाईल तपासत होतो," तो म्हणाला.

"मीच लावलं होतं तुला कामाला."

"तू पडलीस तेव्हासुद्धा मी फाईलच तपासली."

"नोकरी सोडायची नाही," मी म्हटलं. "ऐकतोयस का? सोडलीस तर मी पायवाल्यांकडे राहायला जाईन."

तो हसला नाही. आम्ही दोघं रडलो, टेबलावर शेजारी शेजारी बसून, गिऱ्हाइकांच्या अर्धवट कपड्यांच्या गठ्ठ्यात. बाहेर कोणीतरी दाराची घंटा वाजवून निघून गेलं.

बऱ्याच वेळानं तो उठला, तोंड धुतलं आणि परत पडद्यासमोर बसला. जुना स्कॅन बंद केला. माझा आजचा पाय तेवढा पडद्यावर राहिला, बारीक, हाड न् हाड दिसणारा, संथ फिरत. त्याचा हात माऊसवर होता पण तो काही करत नव्हता.

"नवीन सॉकेट लागेल," तो म्हणाला. "कुठल्या मापाचं करू, ताई?"

दुकानात मी सगळ्यांना सांगते, वजन एकदा थांबू द्या, मग या. ते वाक्य जिभेवर आलं आणि मी ते गिळलं.

"आजच्या," मी म्हटलं.

"आणि पुढच्या महिन्यात?"

"पुढच्या महिन्यात परत मोज."

त्यानं मान हलवली. फाईलला नाव म्हणून आजची तारीख दिली आणि कामाला लागला.